आंधळा चढ, उजवं दोन

डावं चार, लांबत जातं. पन्नास.
उजवं दोन, आत कापू नकोस, दगड.
मी वाचते, इनास चालवतो.
मोसमभर आमच्या मागे जी धूळ होती
ती आमचीच. ती खायला मागे कुणी नव्हतं.

मी केप्याच्या शाळेत कारकून. रजेच्या अर्जात
दर वेळी ‘घरगुती कारण’.
हेडमास्तरांनी एकदा विचारलंच,
तुमच्या घरात एवढं मोडतं तरी काय?
गिअरबॉक्स, म्हणणार होते.

तो कोईमतूरला गेला. चिकमगळूरला
टायरच नव्हते; दुसऱ्या संघानं टाकलेले चार
पुंडलिक मेस्तानं रात्री उचलून आणले,
दोघांना पुरतं टक्कल.
इनास हेल्मेट काढून म्हणाला, माझ्याशी जुळतील.

बोनेटवर कुडचड्याच्या बर्फ-कारखान्याचं नाव.
कारखाना मे महिन्यात बंद पडला,
स्टिकर सोलता सोलेना.
पात्रांव फोन उचलेनात. जुलैत
पगाराऐवजी प्रत्येकाला काजूबियांचं एक पोतं,
तेही वाहून न्यायचं आपणच.

शेवटची फेरी घरची. रिवणच्या पुढे
बंद खाणीचा रस्ता.
इथं इनासनं नऊ वर्षं खनिजाचा ट्रक हाकला.
खाण थांबली तेव्हा ट्रक विकून
त्यानं हेल्मेट घेतलं.
त्याची बायको, आरमिंदा,
अजून त्या हेल्मेटवरची धूळ पुसत नाही.

तिसऱ्या किलोमीटरला इंटरकॉम गेला.
मी ओरडले. इंजिन माझ्याहून मोठ्यानं ओरडत होतं.
बोटं दाखवली: चार. दोन.
तो बघतच नव्हता.
पण पानावर जे होतं तेच गाडी करत होती.
आंधळा चढ,
आणि माथ्यावर पोचायच्या आधीच ती उजवीकडे कललेली.
तो दगड त्याच्या ओळखीचा होता,
शेजाऱ्याचं चावरं कुत्रं असावं तसा.

मग मी वही मिटली.
शर्यतीत पहिल्यांदाच खिडकीबाहेर पाहिलं:
खाणीच्या खड्ड्यात साचलेलं हिरवं पाणी,
वजनकाट्याची खोली, तिच्या छपरातून वर आलेलं झाड,
एक बगळा. आम्ही गेलो तरी
तो उडाला नाही.

अकरांत नववे.
उरलेले दोघे पोचलेच नाहीत,
म्हणजे हिशेब तोच.
पुंडलिकानं तरी सगळ्यांना सोडा पाजला,
पैसे इनासनं दिले,
आणि गाडी बेळगावच्या कुणाला तरी विकली गेल्याचं
आम्हाला सोडेवाल्याकडून कळलं.

सोमवारी कदंबा बसनं शाळेत.
तिळामळच्या वळणावर माझ्याही नकळत
तोंडातून गेलं, डावं तीन, आवळत जातं.
कंडक्टर म्हणाला, उतरायचं कुठं बाई?
मी सुटे पैसे शोधत राहिले.
पुढं ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं
आणि वेग जरासा कमी केला.