दोन चिठ्ठ्या

वाईत, गंगापुरीच्या गल्लीत, दुपारी अडीचला
कोशाची दोन मुद्रितं माझ्या टेबलावर.
एक क्वेचुआ. एक झोंगखा.
चितळीकर म्हणाले, तुलना करून अर्धं पान द्या,
सोमवारी छपाईला जायचंय.
मला दोन्ही येत नाहीत.
मला फक्त ऱ्हस्व-दीर्घ येतं.

क्वेचुआ स्वतःला म्हणवते रुनासिमी:
रुना म्हणजे माणूस, सिमी म्हणजे तोंड.
झोंग म्हणजे गड, आणि खा म्हणजे
पुन्हा तोंडच.
एक माणसाचं तोंड, एक गडाचं.
खिडकीतून पांडवगड दिसतो, गप्प.
आपल्याकडे खा म्हटलं की तोंड उघडतं,
पण हे कोशात बसत नाही. खोडलं.

झोंग लिहिताना डोक्यावर एक र काढतात,
तो कुणी उच्चारत नाही.
आमच्या घरातही असा एक होता,
रेशनकार्डावर सगळ्यांत वर
आणि जेवताना कुणाच्या तोंडी नाही.
हेही खोडलं.

चार वाजता विश्रामचा फोन, इचलकरंजीहून.
"आम्ही ठरवलंय, आईला तिकडच्या आश्रमात ठेवायचं."
क्वेचुआत आपल्यासारखंच आहे,
ऐकणाऱ्याला धरून न्योकान्चिक, वगळून न्योकायकु.
अँडीजमधल्या कुठल्याही बाईला
हा फोन पहिल्याच शब्दात कळला असता.
झोंगखात मात्र एकाच शब्दात सगळे.
तिथे मला विचारता आलं असतं,
अरे, त्यात मी आहे का?
मराठीत विचारायची सोय नव्हती.
बरं, म्हणाले.

डोळ्यांनी पाहिलं तर शेवटी मी.
म्हणजे मी नव्हे, 'मि' हा प्रत्यय.
ऐकलं असेल तर सि.
आणि जे घडताना आपण झोपेत होतो, नशेत होतो,
किंवा तान्हे होतो,
ते स्वतःचं असलं तरी ऐकीवच धरतात.
समासात पेन्सिलीने लिहिलं:
पाहा, 'म्हणे'.

सहाला मऊ भात कालवून आत गेले.
आई पडद्याकडे बघत होती.
"माझं लग्न मेणवलीत झालं म्हणे.
नवरदेवाची चप्पल हरवली म्हणे,
दुसऱ्याच्या चपला घालून उभा राहिला म्हणे."
मी ती गोष्ट तिच्याच तोंडून
शंभरदा ऐकलीय, बिनम्हणेची.
तेव्हा चप्पल डाव्या पायाची होती
आणि ती हसून हसून वाकायची.
आता कुण्या परक्या मुलीची हकिगत असावी
तसं सांगते, सभ्यपणे,
आपण तिथे नव्हतो याची जाणीव ठेवून.

मग मान वळली.
"अगंबाई, तू तर माझी कुमुद की!"

झोंगखात 'आहे' दोन आहेत.
एक इँ, हाडात मुरलेलं,
ज्याची आठवणही काढावी लागत नाही.
दुसरं इम्मे, आत्ता या घटकेला उमगलेलं,
दार उघडताच समोर दिसल्यासारखं.
वाक्याला आपण नुसती 'की' लावून भागवतो.
साठ वर्षं मी या घरात इँ होते.
गेल्या श्रावणापासून रोज सहाला
इम्मे.
आधी रडायचे.
आता, खोटं कशाला सांगू,
वाट बघते त्या 'की'ची.
एवढ्या आश्चर्याने माझ्याकडे
तरुणपणीही कुणी पाहिलं नव्हतं.

चितळीकर, अर्धं पान होत नाहीये.
होईलसं वाटत नाही.
मुद्रित मांडीवरच राहिलं होतं,
क्वेचुआवर भाताचं एक शीत पडलंय,
नेमकं कशावर ते उद्या उजेडात बघेन.

चमचा पुढे केला. खा, म्हटलं.
तिने तोंड उघडलं.
गिळून झाल्यावर विचारते,
"आपण जेवलो का गं?"