मोजणी

मेंढरं मार्चमध्ये विकली. दोनशे अकरा.
पेरोला कुणी सांगितलं नाही.
बालातल्या या एकाला एक चिकटलेल्या घरांच्या गल्लीत
पहाटे साडेचारला तो दाराशी उभा,
कान टवकारून,
जणू डोंगर अजून तिथेच आहे.

तिथेच आहे म्हणा. आम्हीच उतरलो.

सहा मैल चालवून आणला
तरी घरात येऊन खुर्च्यांना फेऱ्या घालतो,
पोस्टमनला कोपऱ्यात घेतो.
शेजारणीची तीन पोरं
न भुंकता, नुसत्या नजरेने
दिव्याच्या खांबाशी गोळा.
ती चिडते. मी माफी मागतो,
आणि मनात: काय सुरेख वळवलीस, गड्या!

माझी शीळ दातांबरोबर गेली.
कवळीतून नुसती हवा येते.
तीही त्याला कळते.
त्याच्या केसांतली कुसळं काढताना
हाताखाली काळीज धावत असतं,
तो झोपलेला असला तरी.

परवा रात्री एर्लिसची बाजू गार लागली.
दार सताड.
घर म्हटलं की तिला हल्ली वरचंच आठवतं.
बूट चढवून बाहेर येतो तर
रस्त्याच्या टोकाला ती, गाऊनमध्ये,
आणि तिच्या वाटेत पेरो, पोट जमिनीला लावून.
ती डावीकडे, तो डावीकडे.
ती थबकली, तोही.
गाभण मेंढीला आणावं तसा
घाई न करता
तिला माघारी फिरवत होता.

मी फाटक धरून उभा राहिलो.
ती आत आली.
सवयीने मोजलं:
एक.