नोटीस क्रमांक पन्नास

सुदैरा गावाला फळा एकच,
मशिदीच्या वळणावर, बोरीखाली,
त्याच्या काचेची किल्ली माझ्या खिशात.
बलदियाच्या वर्दीला खिसे चार.
बाकीचे तीन वाऱ्याला.

मी भटू देवरे, तालुका साक्री.
ओमानच्या या डोंगरात भ कुणाच्या जिभेला जमत नाही,
बत्तू म्हणतात. बत्ता म्हणजे बदक,
म्हणून शाळेची बस आली की
पोरं खिडकीतून बदकाचा आवाज काढतात
आणि मी कागदाच्या कोपऱ्यावर अंगठा दाबून धरतो.

या आठवड्याच्या खबरा:
दवाखान्यात डॉक्टर फक्त मंगळवारी.
रस्त्यावर उंट दिसला तर मालकाला दंड
(गावात उंट एकच, खल्फानचा,
आणि खल्फान समितीवर).
ओढ्याला पूर असताना गाडी घालू नये.
ओढ्यात दोन वर्षं नुसते गोटे आहेत,
तरी लावली. लावायची असते.

आणि मग पन्नास नंबर.
अरबी पाच म्हणजे आपलं पूज्य,
आणि त्यांचं पूज्य म्हणजे नुसता ठिपका.
गोल आणि ठिपका.
लांबून बघितलं तर घागर,
आणि तिच्यातून पडलेला थेंब.

मला आकडे कळतात, मजकूर नाही.
तो कारकून हुमूदने वाचून दाखवला:
फलजचं पाणी उतरलं आहे.
पाळी यापुढे काठीच्या सावलीवर मोजायची नाही,
मीटर बसेल.
ज्या हिश्शाचा धनी पाळीला हजर नाही
आणि ज्याच्या रकान्यात पीक नाही,
तो हिस्सा जमा.

रात्री सबल्यात सगळे बसले.
कॉफीची कपं फिरली, कुणी हलवून परत केलं नाही,
म्हणजे बोलणं लांबणार होतं.
म्हातारा मुहन्ना, काठीचा राखणदार,
चाळीस वर्षं त्याने दिवसा सावली मोजली, रात्री तारे.
तो काहीच बोलला नाही.
काठी मात्र बरोबर घेऊन आला होता.

माझा बाप पांझरेच्या फडावर पाटकरी.
शेवटच्या वाफ्याला पाणी पोचलं
की मग भाकरीला हात लावायचा.
मी दाराशी चपलांपाशी उभा,
मला सगळं भांडण भाषेशिवाय कळलं.

झुवैनाचं नाव निघालं तेव्हा मात्र आवाज खाली आले.
सात खजुरी, साती वाळलेल्या. मुलगा सोहारच्या बंदरावर.
बुधवारी असरनंतरची पंधरा मिनिटं तिची.
खल्फान म्हणाला, तिथे पीक कुठाय?

सकाळी ती फळ्यापाशी आली.
काचेवर नख आपटून विचारलं,
बत्तू, मी मेले असं यात कुठे लिहिलंय?
मी म्हटलं, आई, मला फक्त आकडे येतात.
मग आकडा वाच, ती म्हणाली.
मी वाचला. पन्नास.
माझं लग्न होऊन तेवढी झाली, म्हणाली, आणि गेली.

बुधवारी मीटरवाला आला, हुमूद वही घेऊन.
झुवैना पाटाच्या काठावर बसलेली, पाय पाण्यात.
तिने दगड सारला, चिंध्यांचा बोळा ओढला,
पण पाणी खजुरींकडे सोडलं नाही.
फावड्याने माती ओढून
आमच्या खोलीमागच्या टाकीकडे वळवलं.
आम्ही पाच जण तिथे राहतो.
टँकर रविवारी येतो, कधी येत नाही.

हुमूदने विचारलं, धनी?
हजर.
पीक?
तिने माझ्याकडे बघितलं. बत्तू, म्हणाली.

खल्फान हसला. हुमूद हसला नाही,
त्याने खरंच लिहिलं. दोनदा विचारून,
नग किती, तेही.

आता त्या रकान्यात लिंबू आहे, लसूणघास आहे,
आणि खाली, बदक, एक.
बापाच्या वहीत बाजरी होती, ऊस होता,
माणूस कधी पीक म्हणून लागला नव्हता.

एक्कावन्न नंबर अजून आलेला नाही.
किल्ली खिशात आहे.
वर्दी मात्र गेल्या बुधवारी धुतली.