हातचा

पायसांदूच्या मैदानात, नदीकडच्या गोलासमोर
दीड पावलाचं टक्कल आहे.
तिथे गवत धरत नाही.
एकोणीस वर्षं विल्मार एचेगोयेन तिथे उभा राहिला,
त्यातली अकरा मी बाकावर,
पाठीवर बारा नंबर.
बेरजेत धरलेला हातचा,
मिळवायची वेळच न आलेला.

मला त्याचं सगळं पाठ:
डाव्या करंगळीचं न वळणारं पेर,
पेनल्टीआधी खांबाला हळूच मारलेली टाच,
हरलेल्या रात्री बसमध्ये
कडू येर्बा सगळ्यांना पाजत फिरणं.
गावाला आठवतो तो एकच,
सालतोविरुद्ध पायांमधून गेलेला.
अडवलेले कोण मोजतं?
मी मोजलेत. वही आहे.

कितीदा मनात म्हटलं, पड.
एकदा पडलाही, खांदा धरून.
मी हातमोजे चढवले, दातांनी पट्टे ओढले,
आणि तो उठला.
माझ्याकडे बघून ओशाळल्यासारखा हसला.

शेवटच्या सामन्यात दहा मिनिटं उरली
तेव्हा त्यानेच बाकाकडे हात केला.
जाताना काही बोलला नाही.
नाक शिंकरलं फक्त.

मी टकलावर जाऊन उभा राहिलो.
चेंडू इकडे फिरकलाच नाही.
पायांखाली त्याच्या टाचांचे दोन खळगे,
मधोमध नव्हेत,
वीतभर डावीकडे, करंगळीच्या बाजूला.

अकरा वर्षं बाकावरून
एवढं मला दिसलं नव्हतं.