मुद्देमाल क्रमांक नऊ

कॉर्नर ब्रूकच्या कोर्टात तळघराची किल्ली माझ्याकडे.
एकोणीस वर्षं. कागदाच्या गिरणीचा वास इथवर उतरतो,
पिशव्यांना लागतो, माझ्या डब्याला लागतो.

क्रमांक नऊ म्हणजे लोकरीची टोपी.
निळी. कानाशी एक टाका सुटलेला.
अँब्रोज गुशूच्या बायकोनं विणली, आणि चूक दिसली तेव्हा
"राहू दे, डोक्याला काय कळतंय" म्हणाली होती म्हणे.
मुलीनं तो टाका मला बोटानं शोधून दाखवला,
प्लास्टिकवरूनच.

टोपी सापडली क्लेटन पार्सन्सच्या घरी, ड्रायरमागे.
वॉरंट नव्हतं. कॉन्स्टेबल हाइन्सनं दार खांद्यानं उघडलं
आणि शपथेवर सांगितलं :
आत मूल रडत होतं.

ज्यूरीला तेवढ्यापुरतं बाहेर नेलेलं. बारा माणसं,
चहा, गाजराचा केक, खिडकीत नुसतं धुकं.
इकडे न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला :
"कोणाचं मूल?"
पार्सन्स एकटा राहतो. शेजारचं घर उन्हाळ्यापुरतं भाड्यानं जातं,
आणि तो फेब्रुवारी होता.
"कोणाचं मूल, मिस्टर हाइन्स?"
हाइन्स बुटांकडे बघत राहिला.
चांगला माणूस आहे हो. माझ्या दारातला बर्फ काढून जातो,
न सांगता.

निकाल अकरा पानी. मी टोपीपुरता वाचला.
टोपी आहे, पण नाही.
आहे म्हणून पिशवीत, नाही म्हणून माझ्या हवाली.
ज्यूरी परत आली, एकाच्या मिशीला केकचा कण,
आणि उरलेल्या पुराव्यात
टायरची एक पुसट खूण. पार्सन्स सुटला.

माझा नवरा म्हणाला, चोर सुटला आणि शिपाई अडकला.
मी म्हटलं, उद्या आपल्या दाराआड
असंच कुणी मूल रडवलं तर?
आपल्याकडे लपवायला आहे काय, तो म्हणाला.
मी उठून भांडी घासायला घेतली.
खरं सांगायचं तर मलाही ती टोपी
त्या बारा जणांपुढे ठेवायची होती.
नुसती ठेवून निघून यायचं. एक शब्द न बोलता.

अपिलाची मुदत संपल्यावर मुलगी आली.
पावतीवर पेन टेकवून थांबली :
"हे आता काय म्हणून नेऊ?"
"टोपी," मी म्हटलं. "निळी. नग एक."
तिनं तिथंच डोक्यावर घातली,
भुवयांपर्यंत आली, तशीच जिना चढून गेली.

संध्याकाळी कुलूप लावताना
मी हल्ली जरा थांबते.
पाइपातली वाफ असते ती, ठाऊक आहे.
तरी कान देते.