पातळी

मशीन शीतलनं चाकणहून पाठवलं.
खोक्यावर एक म्हातारं जोडपं, हसणारं.
दंडाला पट्टा आवळून कुणी असं हसत नाही.

त्रिशला म्हणाली, ठेवा कपाटावर,
मिरजेत डॉक्टर मगदूम बघतातच की.
पण त्यांच्या जिन्यातच तिचा आकडा चढतो,
एकशे सत्तर, एकशे पंचाहत्तर.
डॉक्टर म्हणाले, हा माझ्या भीतीचा आकडा,
मला तुमच्या घरातला पाहिजे.
सात दिवस. सकाळ-संध्याकाळ. दोनदोनदा.

मी पाटबंधाऱ्यातला माणूस.
एकतीस वर्षं आयर्विन पुलाची पट्टी वाचली,
पावसाळ्यात तासातासाला.
वहीत रेघा मीच मारल्या:
तारीख, वेळ, वरचा, खालचा, शेरा.

पाठ टेकलेली. पाय जमिनीवर, एकमेकांवर नाहीत.
हात काळजाच्या उंचीला.
'काळजाची उंची कुठं असते हो?'
टेबल बुटकं पडलं, म्हणून कोपराखाली
पापडाचा डबा दिला.
तसाही तो महिन्याभरापासून रिकामाच.

आधी पाच मिनिटं बोलायचं नाही.
आमच्या घरात एवढी शांतता
फक्त भांडणानंतर असायची.
मग पट्टा फुगतो, दम धरतो,
थोडं थोडं सोडत जातो.
एकशे अठ्ठेचाळीस, ब्याण्णव.
एकशे त्रेपन्न, चौऱ्याण्णव.
मी लिहिलं. तीन दिवस लिहिलं.
चौथ्या दिवशी ती म्हणाली, आता येतंय मला,
तुम्ही दूध घेऊन या.

आठवड्यानं वही उघडली.
गुरुवार, एकशे वीस, ऐंशी.
शुक्रवार, एकशे वीस, ऐंशी.
शनिवार तोच. रविवार तोच.
शेरा: ठीक. ठीक. ठीक. ठीक.

मी चष्मा पुसून परत वाचलं.
नदी अशी वागत नाही.
ऐन मे महिन्यातसुद्धा
वरच्या बंधाऱ्याचे दोन बरगे कुणी काढले
की पट्टीवर बोटभर फरक पडतो.
वाहतं पाणी चार दिवस एका आकड्यावर बसलं,
तर समजावं, माणूस पुलावर गेलाच नव्हता.

हे मला कसं कळतं?
शीतल दीड वर्षाचा, तापानं फणफणलेला.
त्या रात्री दोनचा, तीनचा, चारचा आकडा
मी घरात बसून लिहिला.
पाणी उतरत होतं, म्हणून निभावलं.
सकाळी साहेबांनी सही केली.
त्रिशलानं कंदील धरला होता.

आज मी काही बोललो नाही.
दिवस मावळायच्या आत ती जेवून उठली,
अर्धा तास गेला, खुर्चीत येऊन बसली,
आणि स्वतःच म्हणाली,
ते डावीकडचं बटण दाबा.
त्याच्या पोटात सगळं असतं.

एकशे अठ्ठावन्न, शहाण्णव.
एकशे एकसष्ट, चौऱ्याण्णव.
एकशे पंचावन्न. परत एकसष्ट.

'रोज रात्री विचारतो हो तो.
एकसष्ट सांगितलं की फोनवर गप्पच होतो.
मग रात्रभर त्याचं ते गप्प बसणं
माझ्या कानात वाजतं.'

खात्याचा नियम असा:
चुकलेला आकडा खोडून काळा करायचा नाही.
एकच आडवी रेघ,
खालचं वाचता आलं पाहिजे.
वर खरा आकडा, बाजूला सही.
मी रेघा मारल्या. तिनं सह्या केल्या,
बँकेत करते तशी, पूर्ण, आडनावासकट.

डॉक्टरांना हीच वही दाखवायची, मी म्हणालो.
गोळी वाढली तर वाढली.
आणि शीतलला आज मी सांगतो.

'सांगा,' ती म्हणाली.
पट्टा तिनं स्वतःच दंडावर चढवला,
डबा कोपराखाली ओढला.
'आणि तुमच्या त्या रात्रीचं पान?
ते कधी दुरुस्त केलंत?'

मी घड्याळ बघितलं.
आता पाच मिनिटं
बोलायचं नव्हतं.