जेवढा जातो तेवढा

वकिलांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, वही घाला.
काय दुखलं, किती, झोप कशाने मोडली, रोजचं लिहा.
सातपूरच्या दुकानातून शंभर पानी घेतली,
वर नाव टाकलं : कुमुदिनी अहिरराव. उजवा खांदा.
शाळेत विषय लिहायचे तसं.

पहिले दोन महिने वही भरभरून बोलली.
वेणी घालता आली नाही.
कुकरचं झाकण शेजारच्या पिंगळेबाईंनी लावलं.
कूस बदलताना ओरडले, धाकटी उठून बसली.
मग एका बुधवारी लिहिलं,
आज दुखलं नाही.
खाली रेघ मारली
आणि बराच वेळ त्या रेघेकडे संशयाने बघत बसले,
जणू मीच विमा कंपनीची माणूस.

गायधनी वकील म्हणाले, हे पान कशाला ठेवता?
वाईट माणूस नाही तो. फीसुद्धा निकालानंतर घेणार आहे.
पण शंभर पानी वही शिवलेली असते,
एक पान फाडलं की त्याचं जोडपान सैल होतं,
आणि जोडपानावर मुंबई नाका होता,
टेम्पो होता,
सिग्नल माझा होता, हे होतं.

पेरूचंही मीच सांगितलं, कुणी न विचारता.
सातवीत मामाच्या झाडावरून पडले होते, हाच खांदा.
सिन्नरच्या हाडवैद्याने बसवला,
त्यावर वीस वर्षं कारखान्यात कॉइल गुंडाळल्या.
वकिलांनी पेन खाली ठेवलं.
हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण, ताई.
म्हटलं, उद्या त्यांनी दाखवण्यापेक्षा
आज मी दाखवते.

सिव्हिलच्या गेटवर एक जण भेटला होता.
बावीस टक्क्यांचे चाळीस करून देतो म्हणाला, वर चहा पाजला.
चहाचे पैसे मी दिले.

कोर्टात समोरच्या वकीलबाईंनी फोटो काढला.
सोमेश्वरच्या पायऱ्या. भाचीचं पोर माझ्या कडेवर,
उजव्या. मी हसतेय.
तुम्हीच ना?
मीच.
मूल किती किलोचं?
अकरा. हट्टाचे दोन वेगळे.
साहेब जरा हसले, टायपिस्टने विचारलं, काय लिहू?
अकरा लिहा.
म्हणजे उचलता येतं तुम्हाला.
उचललं. पाच पायऱ्या. सहाव्या पायरीवर आईकडे दिलं त्याच्या.
हा फोटो चौथीवरचा आहे.
त्या रात्रीचा फोटो कुणी काढला नाही,
वहीत आहे, रविवार बघा :
हौस फिटली. गोळी दोनदा.
आणि हा बुधवार? आज दुखलं नाही?
तेही खरं आहे.
मग खरं कोणतं, बाई?
मला खरंच कळेना त्या काय विचारतायत.
दुखणं काही नोकरीला नाही
की रोज हजेरी लावेल.

टेम्पोच्या मालकाने तेव्हाच हात वर केले होते.
नंतर कंपनीने केले.
लोकांचे हात किती सहज वर जातात.
माझा खांद्याइतका येतो, थोडा पुढे सरकतो,
आणि मग आत काहीतरी, दाराला कडी लागावी तसं.

पुढची तारीख घेऊन सीबीएसवरून बस धरली.
जागा नव्हती. वरचा दांडा समोर.
मागे एक पोरगा मोबाईल उभा धरून बसलेला,
काढत असेल, नसेलही. हल्ली सगळेच तसे धरतात.
क्षणभर हाताला वाटलं, आपण आणखी लुळं पडावं.
खोटं नाही बोलत, वाटलं.
मग उचलला, जेवढा जातो तेवढा.
दांडा चार बोटं वर राहिला.

सीटची पाठ धरली.
बस त्र्यंबक रोडला वळली, सगळे एका बाजूला कलले,
मीही कलले.